मोलेफीचं अंगडं

मित्रांनो, आज माझ्याकडे बघून कुणालाही पटणार नाही, पण एके काळी मी धावत होते. मी सुई आहे, शिवायची नव्हे, लोकर विणायची. आणि सुई होण्याआधी मी एका सायकलच्या चाकात होते.

ती सायकल आमच्या गावच्या दुकानदाराची. आफ्रिकेतल्या लेसोथोच्या डोंगरात सायकल आणणं हा शुद्ध वेडेपणा होता आणि त्यालाही ते लवकरच कळलं. एका उतारावर ब्रेक लागेना. दुकानदार काटेरी झुडपात पडला आणि सायकल ओढ्याच्या घळीत. दुकानदार वाचला, सायकल मात्र कुणी वर काढली नाही. एकाने घंटी नेली, एकाने सीट नेली, आणि मोकेते नावाच्या तरुणाने चाकातल्या दोन तारा उपटून घेतल्या. त्यातली एक मी, दुसरी माझी जोडीदारीण.

मोकेतेचं मन तेव्हा पलीकडच्या खोऱ्यातल्या एका मुलीवर बसलं होतं. ती चालता चालता टकळीवर लोकर कातायची. तोंडाने शेळ्यांना शिव्या चालू, हाताने टकळी चालू, आणि धागा काही तुटायचा नाही. हे बघूनच तो गारद झाला असावा. गुरांमागे बसल्या बसल्या त्याने आम्हाला वाळूच्या दगडावर घासायला घेतलं. टोकं अशी केली की लोकर अडकू नये आणि बोटालाही टोचू नये. दुसऱ्या टोकांना पीचच्या लाकडाचे मणी बसवले, टाके निसटू नयेत म्हणून. मग एका रविवारी आम्हाला खिशात घालून तो खोरं ओलांडून गेला.

मुलीने मला हातात घेतलं, माझं टोक ओठांवरून फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "एवढ्या बारीक? अरे, यांच्यावर एक टोपी विणेस्तोवर मी म्हातारी होईन."

"होऊ दे की," मोकेते म्हणाला. "मला कुठं घाई आहे?"

लग्न तिथंच ठरलं असं मी समजते. पुढे गुरांची देवाणघेवाण आणि बोलणी झाली, पण ते मोठ्यांचं काम.

आमच्याकडे सून घरात आली की तिचं माहेरचं नाव उंबऱ्याबाहेर राहतं. सासू तिला नवं नाव देते, आणि ते असतं होणाऱ्या मुलाच्या आईचं. मोकेतेच्या आईने पहिल्या नातवाचं नाव केव्हाच ठरवून टाकलं होतं. मोलेफी. म्हणून सून झाली मा-मोलेफी, म्हणजे मोलेफीची आई. मुलाचा अजून पत्ता नव्हता, पण आई तयार होती. यात आमच्याकडे कुणाला काही वावगं वाटत नाही. बहुतेक घरी पुढच्या एक-दोन हिवाळ्यांत मूल येतं आणि आयतं ठेवलेलं नाव घेऊन मोठं होतं.

लग्नानंतर मोकेते सीमेपलीकडे सोन्याच्या खाणीत कामाला गेला. नाताळला यायचा, ईस्टरला यायचा, आणि मधले महिने घरात दोन बायका, शेळ्या आणि आम्ही दोघी सुया.

आता मी जरा माझ्या कामाबद्दल बोलते, कारण ते मला फार आवडायचं. आमच्या शेळ्या लांब, चमकदार केसांच्या. कातरणी झाली की मा-मोलेफी करडांच्या मानेचे मऊ केस वेगळे काढायची. ते ओढ्यात धुवायची, झुडपांवर वाळवायची, काटे-कुसळं वेचून पिंजायची आणि मग टकळीवर कातायची. कातायची ती चालताना. पाणी आणायला निघाली तरी कमरेला केसांचा पेळू आणि हातात टकळी. दुकानात लोकरीचे तयार गुंडे मिळत, रंगही भडक असत. तिने ते कधी फारसे पाहिले नाहीत.

हातच्या लोकरीची गंमत अशी की ती सगळीकडे सारखी नसते. वाऱ्याच्या दिवशी कातलेली बारीक येते. बाई गप्पांत रमली की तिथे जाड गाठ होते. विणताना हे सगळं माझ्या अंगावरून जायचं. मा-मोलेफी सकाळचं काम उरकून अंगणाच्या उन्हाने तापलेल्या भिंतीला पाठ टेकून बसायची. एक सुलटी ओळ, एक उलटी ओळ. जाड जागा आली की बोट थांबायचं. ती ती गाठ चाचपायची आणि स्वतःशीच हसायची, कारण त्या दिवशी काय झालं होतं ते तिला आठवायचं. चार ओळी झाल्या की विणकाम गुडघ्यावर पसरून त्यावरून हात फिरवायची. पुढे जायची काही निकड नसायची. तिला विणता येत नव्हतं म्हणून ती सावकाश विणायची असं नाही. तिला ते संपू नये असं वाटायचं, आणि खरं सांगते, मलाही.

शेजारच्या मा-खाउताचा मात्र जीव वरखाली व्हायचा. ती भिंतीवरून डोकवायची आणि म्हणायची, "अगं बाई, त्याच दोन सुया आणि तीच टोपी! गेल्या कातरणीलाही तू इथंच बसली होतीस. टोपी विणतेस की मुंग्या मोजतेस?"

"तू तुझी चूल बघ, करपल्याचा वास येतोय," मा-मोलेफी मान वर न करता सांगायची.

त्या टोपीत वारा शिरायचा नाही. मोकेते ती खाणीत शिरस्त्राणाखाली घालायचा. पुढे गावातले गुराखी मा-मोलेफीच्या विणीची टोपी मागायला येऊ लागले. त्या वर्षांत आमचं कौतुक फार झालं आणि मी थोडी शेफारलेही होते.

त्याच सुमाराला तिने मोलेफीचं अंगडं विणायला घातलं. सर्वांत मऊ केस त्यासाठी राखून ठेवले होते. टाके घातले ते तान्ह्या बाळाच्या मापाचे. पण कातरणीमागून कातरणी गेली आणि बाळ काही आलं नाही. सासूने गावातल्या जाणत्या बाईकडची मुळं उकळून पाजली, मिशनच्या दवाखान्यात दाखवून झालं. मोकेते सुट्टीवर येऊन जायचा आणि नंतर काही दिवस दोन्ही बायका एकमेकींकडे न बघता वावरायच्या.

अंगडं मात्र चालूच होतं. तान्ह्याचं माप ओलांडून गेलं, तेव्हा तिने ते उसवून थोडं मोठं घातलं. मग आणखी थोडं मोठं. जणू मोलेफी कुठेतरी वाढत होता आणि ती त्याच्या मापाबरोबर चालली होती. गावात त्या कामाला 'मोलेफीचं अंगडं' असंच नाव पडलं. जोवर ते सुईवर होतं, तोवर तिला कुणी सरळ काही विचारत नसे. मा-खाउताचीही थट्टा तेवढ्यापुरती जपून चालायची.

मग मा-खाउताला तिसरं मूल झालं. तिच्या दारावर बोरूची काडी बांधली गेली, म्हणजे आत बाळंतीण आहे, परक्याने शिरू नये, आणि काही काळाने बाळाला बाहेर काढलं तेव्हा बायका जमल्या, बिअर झाली. मा-मोलेफी विणकाम घेऊनच गेली होती. सासूच्या पोटात दोन वाट्या जास्त गेल्या होत्या. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "हे बघा, अजून विणतेय! आता याच्या बाह्या पुरुषभर लांब होतील. मोलेफी काय दाढीमिशा घेऊन जन्माला यायचाय?"

बायका हसल्या. मा-मोलेफीही हसली. घरी आल्यावर तिने आम्हा दोघींना अर्धवट अंगड्यासकट फडक्यात गुंडाळलं आणि छपराच्या गवतात खोल खुपसून टाकलं.

मित्रांनो, छपरातले दिवस कसे गेले ते फार सांगण्यासारखं नाही. खाली चूल पेटायची, धूर वर यायचा. माझ्या अंगावर गंजाचे ठिपके आले. मोकेतेने खाणीच्या गावाहून बायकोसाठी प्लास्टिकच्या जाड गुलाबी सुया आणल्या होत्या, त्यांच्यावर ती भराभर काहीबाही विणून लोकांना देऊन टाकायची. त्या सुयांचा खटखट आवाज वरपर्यंत यायचा. मला राग यायचा, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटायचं. कारण मा-मोलेफीचं हसणं ऐकू येत नव्हतं.

एका ईस्टरला, आमच्याकडे थंडी तोंडावर येते तेव्हा, मोकेते आला तो एकटा नव्हता. त्याच्याबरोबर एक मुलगी होती, पुढचे दोन दात पडलेली, गावात कुणी घालत नाही असे पट्ट्याचे बूट घातलेली. तिचं नाव लिनेओ. मोकेतेची धाकटी चुलत बहीण खाणीच्या गावात राहायची. ती तापाने गेली आणि मागे ही राहिली. बापाचा ठावठिकाणा नव्हता. खालच्या सखल भागात एक आत्या होती, पण तिचीच पाच पोरं होती.

मोकेते परत जाताना बायकोला म्हणाला, "बघ, रमते का. नाहीतर..." आणि त्याने वाक्य पुरं केलं नाही.

ते सासूने पुरं केलं. "नाही रमली तर बर्फाने घाट बंद व्हायच्या आत ट्रकने आत्याकडे पाठवून द्यायची. शहरातलं पोर आहे, इथली थंडी तिला सोसायची नाही."

"रमेल, म्मे," मा-मोलेफी म्हणाली. सासूला आई म्हणून हाक मारायची ती अशी. पण तिच्या आवाजात जोर नव्हता.

लिनेओ रमली नाही. विचारलं तर हो किंवा नाही म्हणायची. रात्री चटईच्या अगदी काठावर झोपायची, मध्ये एवढी जागा सोडून की तिथे आणखी एक जण मावावं. मा-मोलेफी तिला जवळ ओढायची, तर पोर झोपेतही सरकून पुन्हा काठावर जायची. ताटातली मक्याची उकड अर्धीच खायची आणि उरलेली घेऊन कुठेतरी जायची. दिवसागणिक वाळत चालली होती. मोठ्यांचं ब्लँकेट तिच्या खांद्यावरून सारखं घसरायचं आणि शहरातला पातळ फ्रॉक थंडीत काही कामाचा नव्हता.

एका सकाळी अंगणातल्या बादलीत बर्फाचा पापुद्रा धरला. मा-मोलेफीने छपरात हात घातला आणि आम्हाला बाहेर काढलं.

किती बरं वाटलं म्हणून सांगू! तिने आम्हाला राखेने घासलं, चरबीचा हात फिरवला. अंगडं झटकलं, उलटसुलट करून पाहिलं आणि लिनेओच्या पाठीला लावलं. आखूड होत होतं. मग ती उसवायला बसली. आमच्या शेळ्यांचे केस एकमेकांना धरून बसतात, त्यामुळे तिथे ओढाओढ चालत नाही. टाका टाका गोंजारत सोडवावा लागतो. पहिली ओळ सुटली तशी लिनेओ, जी कधी आपणहून बोलली नव्हती, ती धावत आली आणि तिने मा-मोलेफीचा हात धरला.

"नको! तो रागवेल!"

"कोण रागवेल गं?"

पोर तशीच बाहेर पळाली. मा-मोलेफीला वाटलं, ती मामाबद्दल, मोकेतेबद्दल बोलतेय. तिला हसू आलं. पुढे चार दिवस ती उसवत राहिली. सुटलेली नागमोडी लोकर तिने गुडघ्यांवर गुंडाळून लड केली, कोमट पाण्यात बुडवली आणि खाली दगड लटकावून वाळत घातली, म्हणजे वळ्या निघून जातात.

लड वाळली त्याच दिवशी घरात भडका उडाला. सासूला धान्याच्या कणगीमागे पत्र्याचा डबा सापडला. डब्यात उकडीचे गोळे होते. काही वाळून दगड झालेले, काहींना उंदरांनी कुरतडलेलं आणि एक त्याच दिवशीचा, अजून कोमट.

"चोर आणलाय माझ्या लेकानं घरात!" सासू कडाडली. "आम्ही ताटात वाढतो ते पुरत नाही होय? साठा करतेय, साठा! पळून जायचा बेत आहे हिचा. मा-मोलेफी, मी आजच निरोप धाडते. ट्रक आला की ही त्यात बसली पाहिजे." आणि ती पाय आपटत मा-खाउताकडे निघून गेली.

लिनेओ भिंतीला पाठ लावून उभी होती. रडत नव्हती. मा-मोलेफी तिच्यासमोर चटईवर बसली. आम्ही दोघी तिच्या डोक्याच्या रुमालात खोचलेल्या होतो, म्हणून मला दोघींचे चेहरे नीट दिसत होते.

"हात पुढे कर," मा-मोलेफी म्हणाली.

पोरीने दोन्ही तळवे पुढे केले आणि डोळे मिटले. तिला वाटलं, आता छडी बसणार. मा-मोलेफीने तिच्या मनगटांवर लोकरीची लड अडकवली.

"हं. ताठ धर. खाली सोडलीस तर गुंता होईल."

ती लडीचं टोक काढून गुंडा करू लागली. मित्रांनो, लड धरणाऱ्याला उठून जाता येत नाही. समोरच्याच्या तोंडाकडे बघत बसावं लागतं. लोकर फिरत होती, पोरीचे हात तिच्याबरोबर डावी-उजवीकडे झुकत होते. गुंडा मुठीएवढा झाला. मग मा-मोलेफीने विचारलं, जसं पाणी आणलंस का म्हणून विचारावं तसं, "तो डबा कुणासाठी गं?"

"मोलेफीसाठी."

गुंडा थांबला.

"तो वरच्या कुरणावर गेलाय ना गुरं घेऊन?" लिनेओ एका दमात बोलू लागली. "पलीकडच्या घरातला मुलगाही गेलाय. बर्फ पडायच्या आधी सगळे खाली येतात, मा-खाउता म्हणाली. मग मोलेफी पण येईल. त्याला भूक लागलेली असेल. आणि तू त्याचं अंगडं उसवलंस, तो विचारेल कुणी उसवलं म्हणून. चटईवर मी त्याची जागा ठेवते रोज. मी त्याचं काहीच घेतलेलं नाही, खरंच. पण तो आला की मला ट्रकने जावं लागेल ना?"

तिचं तरी काय चुकलं होतं? दिवसभर तिच्या कानावर काय पडत होतं? मा-मोलेफी, इकडे ये. मोलेफीच्या आईला विचार. मोलेफीचं अंगडं कुठवर आलं? जिथे आई आहे, अंगडं आहे, तिथे मुलगाही असणारच. आमच्या गावातल्या पोरांना असला प्रश्न पडत नाही, ती याच नावांत वाढतात. पण हिच्या ओळखीच्या जेवढ्या अशा बाया होत्या, त्या सगळ्यांच्या कडेवर त्यांच्या नावातलं पोर होतं.

मा-मोलेफीने ती गोष्ट आजवर कुणापाशी बोलून दाखवली नव्हती, ना नवऱ्यापाशी, ना देवापाशी. मला भीती वाटली की ती उठून जाईल आणि आम्हाला पुन्हा छपरात खुपसेल.

"मोलेफी नाही," ती म्हणाली.

"नाही म्हणजे? मेला? माझ्या आईसारखा?"

"नाही गं. तो झालाच नाही. मोलेफी कधी जन्मलाच नाही."

लिनेओने यावर विचार केला. "मग सगळे तुला त्याची आई का म्हणतात?"

"त्यांना वाटलं होतं, येईल. मलाही वाटलं होतं."

"मग तू ओ का देतेस?"

मा-मोलेफीने दोन वेढे गुंडाळले, चार वेढे गुंडाळले. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलं नाही, कारण हात रिकामा नव्हता. "ओ दिली नाही तर लोक पुन्हा पुन्हा हाका मारतात," ती म्हणाली.

हे पोरीला पटलेलं दिसलं. तिने मान हलवली. लड पुन्हा डावी-उजवीकडे झुलू लागली. थोड्या वेळाने तिने डब्याकडे पाहिलं.

"तो येणारच नाहीये, तर आजचा गोळा मी खाऊ?"

"खा की."

"पण माझे हात..."

हात लोकरीत अडकलेले होते. मा-मोलेफीने गुंडा मांडीवर ठेवला, डब्यातला कोमट गोळा घेतला, त्याचा घास मोडला आणि पोरीच्या तोंडात घातला. मग दुसरा. पोर एवढी भुकेली होती की तिने बोटही चावलं. मा-मोलेफी "अगं, सावकाश!" म्हणत मोठ्याने हसली, आणि ते हसणं मी किती वर्षांनी ऐकत होते.

सासू दारात येऊन उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. शेवटी म्हणाली, "एवढी मोठी घोडी, तरी भरवतेस? नुसतीच कोरडी उकड काय घालतेस, पातेल्यात भाजी आहे." आणि स्वतःच वाटी घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी आमच्यावर नवे टाके पडले. थंडी दारात येऊन उभी होती, तरी मा-मोलेफीने विणायची चाल बदलली नाही. मात्र भाकरतुकडा झाला की दुसऱ्या कुठल्या कामाला ती हात लावत नसे. लोकर कमी पडत होती तेवढी नवी कातली. लिनेओ तिच्या मांडीला मांडी लावून उन्हात बसायची आणि माझ्यावरून सरकणाऱ्या धाग्यावर नजर ठेवायची.

"ही जाड गाठ कसली?"

"त्या दिवशी बोकडाने मला मागून ढुशी दिली होती. ओढ्यात पडले मी."

"आणि ही?"

"ही? थांब, आठवू दे. हं! मा-खाउताचा नवरा दारू पिऊन भलत्याच घरात शिरला होता तो दिवस."

पोर खिदळायची आणि पुढच्या गाठीची वाट बघत बसायची. मग मा-मोलेफी मुद्दामच आणखी सावकाश विणायची, म्हणजे गोष्ट पुरी सांगता येईल. जुन्या लोकरीत किती वर्षं जमा होती! ती सगळी एकेका टाक्याने त्या स्वेटरात चालली होती. इतकं सुखाचं काम मी त्याआधी केलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

पाठ झाली, पोट झालं, एक बाही झाली. दुसरी बाही कोपरापर्यंत आली तेव्हा ट्रक आला. त्या हंगामातला शेवटचा, त्यानंतर घाट बंद. सासूने निरोप धाडलेला होता आणि तो मागे घ्यायचं तिच्या लक्षात राहिलं नव्हतं, किंवा तिने मुद्दाम घेतला नव्हता, ते मला सांगता येत नाही. मा-खाउता धापा टाकत भिंतीशी आली.

"मा-मोलेफी! अगं ए मा-मोलेफी! ट्रकवाला खोळंबलाय. पोरीचं बोचकं बांधलंस की नाही? तो म्हणतो, वर ढग आलेत, मी थांबणार नाही."

मा-मोलेफीची बोटं थांबली. ओळीच्या मधोमध मी अडकून राहिले. पोरीला जायचं आहे की राहायचं आहे, हे तिने विचारलंच नव्हतं. विचारायची तिची छातीच झाली नव्हती.

लिनेओ उठली. मापासाठी तिच्या अंगात अर्धवट स्वेटर घातलेला होता; एकच बाही पुरी, दुसरी माझ्यावर, आणि मधला धागा तिला आणि मा-मोलेफीला जोडून. म्हणून ती फार लांब जाऊ शकत नव्हती. भिंतीपाशी टाचा उंचावून तिने मा-खाउताला सांगितलं,

"मामीला आत्ता वेळ नाहीये. ती माझी बाही विणतेय."

मा-खाउताने एकदा पोरीकडे, एकदा बाहीकडे पाहिलं. मग वळून ट्रकच्या दिशेने ओरडली, "जा रे बाबा! इथून कुणी येत नाही!"

ट्रक गेला. संध्याकाळी बर्फ पडायला लागला. मा-मोलेफीने ओळ पुरी केली.

मित्रांनो, माझी कहाणी एवढीच. आता मी वाकडी झाले आहे आणि माझा पीचचा मणी सैल झाला आहे, पण मला छपरात कुणी ठेवत नाही. तुमच्या घरी हाताने केलेलं काही असेल, तर ते जो आलाच नाही त्याच्या नावाने बांधून ठेवू नका. जो समोर कुडकुडतो आहे त्याच्या अंगात घाला. आखूड झालं तर उसवा आणि पुन्हा विणा, हातची लोकर ते सोसते. आणि विणताना घाई करू नका. कुणीतरी शेजारी बसून पुढच्या गाठीची गोष्ट ऐकायला थांबलेलं असतं.